आधी ते ५७० शब्द, मग बाकीचा थाट

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात इंग्रजीच्या क्लासच्या फ्लेक्सना ऊत येतो. अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी, तीही तीन महिन्यांत! मला हे सगळं उलट्या टोकानं चाललंय असं वाटतं. पोरं ‘युबिक्विटस’, ‘लोक्वेशस’ घोकतात आणि कॉलेजच्या पुस्तकात ‘व्हेअरअ‍ॅज’ किंवा ‘सबसिक्वेंट’ आला की तिथंच अडतात.

न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ नावाची एक यादी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या विद्याशाखांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला, रोजच्या वापरातले शब्द वगळले आणि ५७० शब्दकुटुंबं काढली. डिराइव्ह, डिराइव्ह्ड, डेरिव्हेशन हे सगळे एकाच कुटुंबातले. अभ्यासाच्या मजकुरातले साधारण १० टक्के शब्द या यादीतले निघतात. नेटवर ती फुकट मिळते. फी भरायच्या आधी तेवढी तरी बघा की राव.

एसएससीला (दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरभरतीची परीक्षा) समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात, हे मान्य. तिथं पाठांतर करावंच लागतं, करा. पण परदेशात पुढं शिकायला जाताना देतात त्या जीआरई परीक्षेनं २०११ मध्येच विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले, तरी आपल्याकडं त्याच जुन्या याद्यांच्या झेरॉक्स अजून फिरतायत.

आणि पाठ केलेलं राहत नाही, त्यावर लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची साधी युक्ती आहे. एका बाजूला शब्द, मागं अर्थ, अशी कार्डं करायची (जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चालतात, घरात ढीग असतोच). आठवलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्या. पुढचं खोकं जास्त दिवसांनी उघडायचं. मेहनत चुकणाऱ्या शब्दांवरच होते.

खरं तर भाषा शिकणं सोलापूरकरांना नवं नाही. पूर्व भागातलं पोरगं घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतं, कन्नडही समजतं. कुणी यादी दिली होती त्याला? तेच तेच शब्द रोज कानावर पडले. इंग्रजी तशी रस्त्यात ऐकू येत नाही, म्हणून ती वाचनातून आणावी लागते, आणि तीही एकाच विषयाला चिकटून. पावसाळ्यात ‘उजनी धरण किती टक्के भरलं?’ हे आपण बघतोच ना? तीच बातमी महिनाभर इंग्रजी पेपरात वाचा. इनफ्लो, डिस्चार्ज, कपॅसिटी, लाइव्ह स्टोरेज हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतील, आणि विषय आपल्याच नळाचा असल्यानं अर्थासाठी डिक्शनरी फार उघडावी लागणार नाही.