तीन गाड्या, तीन वायरलेस आणि माझा एक मोबाईल

गेल्या पावसाळ्यात हायवेवर आमच्या पुढचाच टेम्पो उलटला, ड्रायव्हरचा पाय केबिनमध्ये अडकलेला. मी ११२ लावला. फोन लगेच उचलला, पोलिसांची गाडीपण लवकर आली, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण हवालदारसाहेबांनी उतरल्या उतरल्या मलाच विचारलं, "१०८ला केलाय ना फोन?" अहो, मला वाटलं तुम्हीच कळवलं असेल! मग १०८ला परत पहिल्यापासून सगळं, कुठला पूल, कुठली लेन, किती जण. ॲम्ब्युलन्स आली तर डॉक्टर म्हणाले पत्रा कापल्याशिवाय हा निघत नाही, फायरब्रिगेड बोलवा. आणि फायरवाले आले ते पलीकडच्या लेनने सायरन वाजवत सरळ पुढे निघून गेले, कारण कुठल्या बाजूला यायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आता "आपल्याकडे असंच चालायचं" म्हणू नका. ११ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर, दोन्ही टॉवरवर विमानं आदळलेली. ९:५९ला साउथ टॉवर पडला, मग पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसायला लागलं की नॉर्थ टॉवरपण टिकत नाही, तसा इशाराही दिला, पण पोलिसांच्या चॅनलवर. फायरब्रिगेडचा रेडिओ वेगळा, साहेब लोकांची कमांड पोस्टही वेगळी. १०:२८ला तोही पडला. त्या दिवशी ३४३ फायरमन गेले. सगळे याच एका कारणाने गेले असं नाही, बाहेर पडायचा हुकूम त्यांच्या साहेबांनी दिलाही होता, बऱ्याच जणांना तो ऐकूच आला नाही. पण वरून जे दिसत होतं ते आत जिन्यात असलेल्यांपर्यंत गेलं नाही हे खरंच. आणि १९९३ला तिथेच बॉम्बस्फोट झाला तेव्हाही रेडिओची बोंब झालीच होती!

म्हणून नवीन वायरलेस सेटचं टेंडर काढलं की झालं, हे मला पटत नाही. मॉकड्रिलला फोटोपुरते सगळे एकत्र येतात, त्यापेक्षा साधं ठरवा ना, स्पॉटवर जो पहिला पोचेल त्याने बाकीच्या दोघांना कळवायचं, फोन करणाऱ्याच्या गळ्यात नाही घालायचं.

त्या दिवशी शेवटी फायरवाल्यांना यू-टर्न कुठून घ्यायचा ते हवालदारसाहेबांनी सांगितलं, माझ्या मोबाईलवरून, स्पीकर लावून. तिघांच्या गाडीत वायरलेस चालू होता, आणि माझी बॅटरी ९ टक्के.