सायबर परिषदेला निघालात? मग हे वाचून जा

सर्वप्रथम अभिनंदन. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) सांभाळणाऱ्या, टॅली उघडत नाही म्हणून रात्री अकरालाही फोन घेणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला गळ्यात ‘मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर’ असा पट्टा घालून एसी हॉलात बसायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. फोटो काढाच. पट्ट्यावरचं नाव, फर्म आणि क्यूआर कोड स्वच्छ दिसू द्या आणि लगेच लिंक्डइनवर टाका, ‘शुक्रवार-शनिवार ऑफिसला नाही.’ चोरांनाही आठवड्याचं नियोजन करावं लागतं हो. त्यांचा विचार आपण नाही करायचा तर कोणी?

निघण्यापूर्वी मागची व्यवस्था लावून जा. सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये आहेतच. ती फाइल ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे गेल्या महिन्यात लागलेल्या पोराला अडायला नको. रिमोटच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचं मशीन दुरून चालवायच्या, लॉगिनला ओटीपी लावला असेल तर दोन दिवस काढून टाका. ओटीपी तुमच्या फोनवर येणार आणि तुम्ही ‘ओटीपीचं महत्त्व’ ऐकत बसलेले असणार, उगाच व्यत्यय.

पत्रिकेवर साडेनऊ लिहिलं असलं तरी घाई करू नका. गंगापूर रोडला निवांत मिसळ खा, ताक प्या, अकराला पोहोचा. दीपप्रज्वलन तेव्हाच सुरू असेल, कारण प्रमुख पाहुणे अजून भिवंडीच्या पुढे सरकलेले नसतात. मग पहिलंच व्याख्यान सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांवर. त्यात एक कलम असं की प्रत्येक यंत्रणेचं घड्याळ एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळलेलं हवं. दीड तास उशिरा सुरू झालेल्या सभागृहात हे ऐकताना हसू नये. मान डोलवावी.

पुढचं भाषण मात्र धोक्याचं. एखादा अभ्यासू वक्ता कासेया या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट काढतो. २ जुलै २०२१, शुक्रवार, अमेरिकेतल्या लांब सुटीच्या तोंडावर. कासेयाचं व्हीएसए हे सॉफ्टवेअर तुमच्यासारखेच लोक वापरत होते. ऑफिसात बसून शेकडो गिऱ्हाइकांच्या मशीनवर अपडेट ढकलायचं साधन. रेव्हिल या सायबर चोरांच्या टोळीने त्यातल्याच त्रुटींमधून शिरून अपडेटच्या वाटेनं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, ढकललं. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या साठेक सापडल्या, पण त्यांच्यामागची गिऱ्हाइकं आठशे ते दीड हजार. स्वीडनमधल्या कूप या किराणा दुकानांच्या साखळीला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची मशीनच चालेनात. खंडणी मागितली सात कोटी डॉलर. त्यातल्या काही त्रुटी डच संशोधकांनी एप्रिलमध्येच कंपनीला कळवल्या होत्या. दुरुस्ती चालू होती, चोर आधी पोहोचले.

इथं तुमच्या मनात एक विचित्र शंका येऊ शकते: सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटच्या चाव्या ज्या वॉचमनकडे आहेत, त्याच्याच केबिनला कडी नाही की काय? तो वॉचमन म्हणजे आपण तर नव्हे? शंका आली की ताबडतोब बाहेर जाऊन चहा घ्यावा. वक्त्याचं स्क्रीनकनेक्ट या दुरून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवरचं, म्हणजे त्यातल्या फेब्रुवारी २०२४ मध्ये तीव्रतेला दहापैकी दहा गुण मिळालेल्या त्रुटीवरचं बोलणं संपेपर्यंत परतू नये. तिथं आवृत्तीचा नंबर सांगतात आणि आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे हे आठवत बसावं लागतं.

चहाच्या टेबलाशी पतसंस्थेचा एखादा अधिकारी भेटेल. तो जुलै २०२४ ची आठवण काढेल: छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं, यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० बँकांचे व्यवहार अडले. ‘पुरवठादाराची तपासणी कशी करायची हो?’ असं तो तुम्हालाच विचारेल. व्हिजिटिंग कार्ड द्या आणि विषय द्राक्षाच्या भावावर न्या.

स्टॉल मात्र एकही सोडू नका. ईडीआर, एक्सडीआर, एमडीआर, सगळी हल्ले हुडकायची साधनं-सेवा. फरक विचारू नये, स्टॉलवरच्या मुलीलाही आजच सकाळी सांगितलेला असतो. फुकटचा पेनड्राइव्ह घ्या आणि सोमवारी सरळ ऑफिसच्या सर्व्हरला लावून बघा किती जीबीचा आहे. महिन्याला मशीनमागे किती पडतं हे ऐकून मोठ्या माणसासारखं ‘परवडेल’ म्हणा. तुमचा अंबडचा शेठ अँटीव्हायरसच्या नूतनीकरणात शंभर रुपये सोडवून घेतो आणि दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालतो, हे तिथं सांगायची गरज नाही. तसा तो हार हीच त्या सर्व्हरची वर्षातली एकमेव देखभाल असते.

शनिवारी रात्री धरणाकाठच्या वायनरीत जेवण. फोन सायलेंट.

सोमवारी सकाळी त्याच शेठचा फोन येईल, की सगळ्या फाइलींची नावं बदललीत आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी धमकी आहे. घाबरायचं नाही, आता तुम्ही परिषद केलेले आहात. ‘परदेशातून झालेला अत्यंत प्रगत हल्ला’ हे शब्द वापरा. पासवर्ड फर्मच्या नावापुढे १२३ होता, असल्या तपशिलात शिरू नका. प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं हे तुम्ही वहीत लिहून घेतलंय, फक्त ती वही वायनरीत राहिलीय. १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेत कधी काय झालं याच्या नोंदी, लागतात. तुमच्याकडे मागच्या मंगळवारपासूनचे असतील, तेही डिस्क भरली नसेल तर.

शेवटी शेठ विचारतील, ‘बॅकअप तर आहे ना?’ ‘आहे’ असं ठणकावून सांगा. त्यात खोटं काही नाही. त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हला आहे.