फुकटची पेन्शन म्हणे

आज आईला घेऊन बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांची जत्राच. आईचा अंगठा मशीन घेईना. एकदा, दोनदा, पाच वेळा. मागे गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक पोरगा कंटाळून शेजारच्याला म्हणाला, "सरकारी जावई सगळे. घरबसल्या पैसे, ते पण आपल्या टॅक्समधून."

तिथे बोलले नाही. म्हणून इथे बोलतेय.

अरे बाबा, माझे अण्णा महापालिकेच्या घनकचरा खात्यात ३१ वर्षं झाडू मारत होते. साडेसहाला चौकीवर हजेरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तुम्हाला पाठ आहे. पाणी ओसरल्यावर कुर्ल्यातल्या फुगलेल्या म्हशी आणि भिजलेल्या गाद्या कोणी उचलल्या? तेव्हा अण्णा कितीतरी दिवस बाहेरच्या नळावर आंघोळ करूनच घरात यायचे. आई त्यांचे कपडे काठीने उचलून बादलीत टाकायची. जावयाचा असा थाट असतो होय?

निवृत्त झाले, क्वार्टर खाली केलं आणि चौथ्या वर्षी गेले. आता त्या पेन्शनमधला वाटा आईला मिळतो, तोही दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध केल्यावर.

हो, टेबलाला टेकून झोपा काढणारेही आहेत. एका साध्या दाखल्यासाठी मीही चार खेपा घातल्यात. मान्य. पण ते अण्णा नव्हते.

आणि ज्या पेन्शनवर एवढा डोळा आहे, ती नव्या पोरांना आहे कुठे? राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची गेलीच की. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत माणसं संपावर उतरली ती काय हौस म्हणून? कंत्राटी सफाई कामगारांचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं तोच कचरा उचलला, आणि मुंबईतल्या २७०० जणांना कायम करा हे सांगायला २०१७ साली सुप्रीम कोर्ट लागलं!

तुझ्या कंपनीत काही मिळत नाही, तर तिथे जाऊन भांड ना. माझ्याही कंपनीत नाही. दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा देतात, त्यात निम्मे मनुके. म्हणून आईच्या ताटातलं काढून घ्यायचं?

जाऊ दे. पोरगा वाईट नव्हता. सहाव्यांदाही अंगठा लागेना, तेव्हा त्यानेच आपल्या बाटलीतलं पाणी आईच्या हातावर ओतलं. "मावशी, पुसून लावा बघू." पण रेघा असतील तर लागणार. अण्णांच्या पगारात भागायचं नाही म्हणून वीस वर्षं लोकांच्या डब्यांच्या पोळ्या केल्यात तिने, तव्यावर बोटांनी उलटून.

शेवटी डोळा लावला, तेव्हा कुठे मशीनला पटलं.

बाहेर आल्यावर आई म्हणते, "झाले का गं मी जिवंत? चल मग, मेथी घेऊ. सकाळी स्वस्त असते."