कानउघडणावळ

ब्रिटनमध्ये वर्कशॉप काढायचा विचार असेल तर जागा, मशीन आणि माणसं यांची जुळवाजुळव तुम्ही करालच. माझा सल्ला एवढाच, की एक मोठं भिंतीवरचं घड्याळ घ्या आणि फाटकातून आत पाऊल टाकताच दिसेल असं लावा. कामगारांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी खातं म्हणजे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, थोडक्यात एचएसई. ते 1 जानेवारी 1975 ला सुरू झालं. पुढची 37 वर्षं त्याचा निरीक्षक अचानक यायचा, मशीनभोवती फिरायचा, डाफरायचा, नोटीस द्यायचा आणि जायचा. प्रकरण कोर्टात गेलं नाही, तर मालकाचा जायचा तो मान. 1 ऑक्टोबर 2012 पासून पैसेही जातात.

या योजनेचं सरकारी नाव 'फी फॉर इंटरव्हेन्शन', म्हणजे हस्तक्षेपाची फी. शिवण्याची शिवणावळ असते, दागिन्याची घडणावळ असते, तशी ही कानउघाडणीची कानउघडणावळ. कान तुमचे, उघडणार खातं, मजुरी तुमची. सुरुवातीला दर होता तासाला 124 पौंड. एप्रिल 2024 मध्ये तो 174 झाला. दंड वेगळा बरं का. दंड कोर्ट करतं आणि त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. इथे निरीक्षकाचं मत पुरतं.

तर पहिला धडा. पैसे पडतात ते लेखी शब्दाचे, तोंडी शब्द फुकट आहे. नियम असा, की तुम्ही कायदा मोडलाय आणि तो इतका मोडलाय की लेखी कळवायलाच हवं, असं निरीक्षकाला वाटलं पाहिजे. वाटलं की फी सुरू. नुसतं "अहो, त्या मशीनची जाळी जरा नीट बसवून घ्या" म्हणून तो निघाला तर तुमचा एक पेनीही जात नाही. तेव्हा तुमचं सगळं कौशल्य त्याचा हात खिशातल्या पेनाकडे जाऊ न देण्यात आहे. मान डोलवा. लगेच फोरमनला हाक मारा. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, इथे बोलणाऱ्याचे पौंड वाचतात.

पण बोलायचं ते बेतानं, कारण दुसरा धडा पहिल्याच्या पोटात लपलेला आहे. एकदा का लेखी चूक निघाली, की त्या भेटीचा पूर्ण वेळ बिलात येतो. चूक सापडली तो क्षण नव्हे, अख्खी भेट. आजोबांनी ही कंपनी दोन लेथवर कशी उभी केली, हे तुम्ही त्याला वीस मिनिटं रंगवून सांगितलंत आणि शेवटी कोपऱ्यातल्या प्रेसला संरक्षक जाळी नाही हे त्याला दिसलं, तर 174 च्या दराने आजोबांचे 58 पौंड झाले. शिवाय तो कचेरीत परत जाऊन पत्र लिहिणार, जबाब घेणार, नियम चाळणार, तुम्हाला फोन करणार, त्या सगळ्या वेळाचं मीटर चालूच. समजा भेट तीन तासांची आणि पत्र दोन तासांचं, तर 870 पौंड. पत्र भराभर लिहिणारा निरीक्षक नशिबाने मिळतो. त्याच्या टायपिंगच्या वेगाची चौकशी करायची सोय मात्र नाही.

तिसरा धडा जागेचा. फी घेते ती एचएसई. दुकानं, ऑफिसं, गोदामं यांतल्या बऱ्याचशा जागा स्थानिक नगरपालिकेच्या निरीक्षकाकडे असतात आणि त्यांना ही फी लावता येत नाही. म्हणजे तीच निखळलेली फरशी, तोच घसरून पडलेला माणूस, पण कारखान्यात पडला तर मीटर चालू आणि दुकानात पडला तर बंद. हाड दोन्हीकडे सारखंच मोडतं, पण हाडावर कुठे बिल फाडतात? तेव्हा फरशी निखळू द्यायचीच असेल तर आधी हद्द बघून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या भानगडी कशाला, आधीच खात्याला फोन करून विचारतो की बाबांनो, माझं काय चुकतंय? छान विचार आहे, फक्त थोडा उशीर झाला. सल्ल्यासाठीची एचएसईची टेलिफोन सेवा सप्टेंबर 2011 अखेरीस बंद झाली आणि मीटर सुरू झालं त्यानंतर वर्षभराने. योगायोग असेल. त्याआधी 2010 मध्ये सरकारने खात्याच्या अनुदानाला चार वर्षांत 35 टक्के कात्री लावायचं ठरवलं होतं, तोही असेल. माहितीपत्रकं वेबसाइटवर फुकट आहेत, हे कबूल करायला हवं, आणि ती चांगली आहेत. पण पत्रक तुमच्या शेडमध्ये येऊन "इथे नको, तिथे बसवा" असं बोट दाखवत नाही. ज्याला बोट दाखवता येतं, त्याला स्वतःहून बोलवायला आता धीर हवा. शंका विचारायला पोलीस बोलवावा आणि त्याने तुमच्याच हातात बेडी घालून तिचं भाडं लावावं, ही भीती मालकाच्या मनात बसली, की तो निरीक्षकाला फाटकावर बघून आधी दिवे मालवतो.

खात्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कायदा तुम्ही मोडणार, तर तो तपासण्याचा खर्च करदात्याने का सोसावा? यात नफा नाही, झालेला खर्च तेवढा वसूल होतो. न्यायाचं बोलणं आहे. अडचण एवढीच, की चूक सापडली तर ज्याच्या खात्याला पैसे मिळतात आणि नाही सापडली तर मिळत नाहीत, अशा माणसाने "चूक आहे" म्हटलं, की समोरचा आधी त्याच्या खिशाकडे बघतो आणि मग मशीनकडे. निरीक्षक शंभर टक्के प्रामाणिक असला तरी बघतोच.

हे मी नवं सांगत नाही. सरकारनेच कारखानदारांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन टेम्पल यांना खात्याचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. जानेवारी 2014 च्या अहवालात त्यांनी लिहिलं, की या फीमुळे खात्याच्या निःपक्षपातीपणाच्या लौकिकाला धक्का बसतोय. सरकारने अहवाल वाचला, फी ठेवली आणि 2016 मध्ये टेम्पल यांनाच एचएसईचं अध्यक्ष केलं. ते अध्यक्ष असताना 2019 मध्ये दर 154 पौंडांवर गेला. तेव्हा टीका करायची तर जपून करा, खुर्ची मिळेल.

बिल पटलं नाही तर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तुम्हाला माहीत आहेच, पण ही कोर्टाची पायरी नव्हे, खात्याची. आधी नुसती शंका विचारा, ती फुकट. उत्तर पटलं नाही तर रीतसर वाद घाला. वाद हरलात तर तो ऐकण्यात गेलेला वेळही तासाप्रमाणे तुमच्याच बिलात. पूर्वी तर वाद ऐकणाऱ्या तिघांत बहुमत खात्याच्याच माणसांचं असे. एका कंपनीने याला कोर्टात आव्हान दिलं, तेव्हा खात्याने माघार घेतली आणि सप्टेंबर 2017 पासून हे मंडळ स्वतंत्र झालं. हरणाऱ्याचं मीटर मात्र तेच.

हे सगळं ऐकून तुमच्यातले काही जण मनातल्या मनात हिशोब मांडत असतील, की जाळी बसवणं स्वस्त की बिल भरणं? हा प्रश्न मोठ्याने विचारू नका, विशेषतः प्रेसवर हात घालणाऱ्या माणसासमोर. एक उदाहरण देतो. साध्या पोलादाच्या वेल्डिंगचा धूरही फुप्फुसाचा कर्करोग करू शकतो, म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये एचएसईने इशारा दिला की आत वेल्डिंग करायचं तर धूर ओढणारी यंत्रणा हवीच. ती यंत्रणा किमान दर 14 महिन्यांनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. तुमची शेवटची तपासणी कधी झाली ते आठवत नसेल, तर काळजी नको. निरीक्षक आठवून देईल, आठवण करून द्यायला त्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवेल. वेल्डरला त्या धुरात किती वेळ उभं राहावं लागलं, त्याचा दर मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

बिल आलं की वेळेत भरा आणि पावती फाइलला लावा. जाळीचं काम पुढच्या महिन्यावर ढकललंत तरी हरकत नाही. तो पुन्हा येईलच, फक्त मधे एप्रिल गेला तर नवा दर काय आहे ते तेवढं बघून ठेवा.