हवेत तरंगणारी 'हेरशाळा' : एक खुलासा

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये मुलींना शिष्टाचार शिकवण्याच्या नावाखाली हेरगिरी शिकवणारी शाळा खरोखर होती, आणि गेल कॅरिजर यांची 'फिनिशिंग स्कूल' ही कादंबरी मालिका (2013 ते 2015) त्यावरच बेतली आहे, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो खरा नाही. शाळा आणि तिथे शिकणारी सोफ्रोनिया, दोन्ही लेखिकेच्या कल्पनेतली आहेत. कथेत तर रक्तपिपासू पिशाच्चंही आहेत!

मालिकेची कथा सुरू होते 1851 मध्ये आणि शाळा भरते हवाई जहाजावर, म्हणजे वायू भरलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या फुग्यावर. वाफेच्या इंजिनाचं पहिलं हवाई जहाज उडालं ते 24 सप्टेंबर 1852 रोजी, पॅरिसहून. आंरी जिफार यांनी ते बनवलं. इंजिन जेमतेम 3 अश्वशक्तीचं. वर फुग्यात पेट घेणारा वायू, म्हणून धुराड्याचं तोंड चक्क खाली वळवलेलं. सुमारे 27 किलोमीटर गेलं, पण वाऱ्याविरुद्ध परत फिरता येईना. त्यावर मुलींची शाळा कुठून भरणार?

स्त्रियांना हेरगिरीचं प्रशिक्षण ब्रिटनने दिलं, ते दुसऱ्या महायुद्धात. टिपू सुलतानाच्या वंशातली नूर इनायत खान त्यांपैकीच. जून 1943 मध्ये ती बिनतारी यंत्र चालवायला फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि सप्टेंबर 1944 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. पुस्तकं जरूर वाचा, मलाही फार आवडतात. फक्त 'सत्यकथा' म्हणून ती पुढे पाठवू नका.