अस्तरामागचे पाणी

दर उन्हाळ्यात नळांची धार बारीक झाली आणि टँकर फिरू लागले, की गोव्यातल्या मोबाइलांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘गोव्यात एवढा पाऊस पडतो आणि सगळा समुद्रात जातो. डोंगरात मोठी गुहा खोदून ते पाणी साठवा. खालचा कातळ पाणी झिरपू देत नाही. कर्नाटकात पाडूर आणि मंगळुरूला लाखो टन खनिज तेल कातळात अस्तराशिवाय ठेवले आहे, मग पाण्यालाच अस्तर कशाला? फार तर शेततळ्याचे प्लॅस्टिक लावा. आतल्या पाण्याच्या दाबाने ते भिंतीला चिकटून राहील. जपानने पन्नास हजार टन पाणी असेच साठवले आहे.’

या संदेशामागची तळमळ खरी आहे. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात मे महिन्यात पाण्यासाठी रांग लागावी, याचा संताप मलाही येतो. परंतु बोगदे आणि टाक्या यांच्या जलरोधनाचे काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि या सहा-सात वाक्यांतली जवळजवळ प्रत्येक तांत्रिक समजूत अशी आहे की तिच्या भरवशावर कोणी आराखडा केला, तर गुहा पहिल्या दोन पावसाळ्यांतच निकामी होईल. म्हणून एकेक विधान घेतो. प्लॅस्टिक भिंतीला चिकटून राहण्याचे विधान मात्र शेवटी ठेवतो, कारण खरी चूक तिथे आहे.

कातळ पाणी झिरपू देत नाही, हे हातात घेतलेल्या दगडाच्या तुकड्यापुरते बरोबर आहे. डोंगरातला कातळ मात्र सांध्यांनी, भेगांनी आणि थरांच्या फटींनी भरलेला असतो आणि पाणी वाहते ते त्यांतून. फटीतून जाणारे पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट रुंद झाली की गळती आठपट होते. त्यामुळे शंभर बारीक भेगांपेक्षा एक मोठी भेग अधिक घातक ठरते, आणि नेमकी तीच दोन बोअरच्या मधे लपलेली असू शकते. याखेरीज गोव्यात वर सच्छिद्र जांभा, त्याखाली मऊ चिकणमातीचा थर आणि मग कुठे घट्ट खडक, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आढळते. पेडण्याचा रेल्वे बोगदा हा कोकण रेल्वेच्या मऊ मातीतल्या कठीण बोगद्यांपैकी एक. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, आणि जुलै 2024 मध्ये त्यात पाणी आणि चिखल शिरून मार्गावरील वाहतूक थांबली. आपल्या डोंगरांतले पाणी पावसाळ्यात काय करू शकते, ते समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

तेलाचे उदाहरण वरवर बिनतोड वाटते. पाडूरला 25 लाख टन आणि मंगळुरूला 15 लाख टन तेल साठवण्याची क्षमता आहे, आणि तिथल्या गुहांना तेल अडवणारे अस्तर नाही, हेही खरे आहे. पण तिथे तेल अडवते ते कातळातले पाणी. गुहा भूजलपातळीच्या बऱ्याच खाली खोदतात आणि वरून व बाजूंनी बोअर घेऊन त्यांत सतत पाणी सोडतात, जेणेकरून भेगांमधल्या पाण्याचा दाब आतल्या तेलाच्या दाबापेक्षा कायम जास्त राहावा. त्यामुळे तेल बाहेर जात नाही, उलट भूजल आत पाझरते, तेलाखाली जमते आणि पंपाने उपसून काढले जाते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या एका गुणावर ही सारी योजना उभी आहे. पिण्याचे पाणी आणि भूजल मात्र सहज मिसळतात. खाणपट्ट्यातले लोहयुक्त भूजल साठ्यात आले तर साठा बिघडतो, आणि उन्हाळ्यात भूजलपातळी उतरली तर तोच साठा भेगांतून बाहेर निघून जातो. नॉर्वेत जलविद्युत प्रकल्पांचे कितीतरी बोगदे अस्तराशिवाय चालतात हे मी नाकारत नाही. तिथे खडक उत्तम आहे, थोडी गळती चालते आणि पाणी टर्बाइनकडे जायचे असते, घागरीत नव्हे.

शेततळ्याच्या प्लॅस्टिकबद्दल थोडक्यात सांगतो. ते साधारण 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे असते, उतरत्या काठांवर अंथरलेले असते आणि त्यावर तीन-चार मीटर पाणी असते. समजा गुहा साठ मीटर उंच आहे, तर ती भरल्यावर तळाशी दर चौरस मीटरला साठ टन दाब येतो. खडकाचा एक टोकदार कंगोरा किंवा भिंतीतली मुठीएवढी पोकळी त्या दाबाखाली प्लॅस्टिकचा कागद फाडायला पुरेशी असते. म्हणून आधी शॉटक्रीट (फवारलेले काँक्रीट) किंवा ओतीव काँक्रीटने भिंत सपाट करतात, त्यावर जिओटेक्स्टाइलची, म्हणजे जाड कृत्रिम कापडाची, गादी देतात आणि मग 2 मिलिमीटर किंवा त्याहून जाड एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचा पत्रा लावतात. किंवा पाठीला खुंट्या असलेला पत्रा काँक्रीटमध्येच रोवतात. भार काँक्रीट आणि खडक घेतात, पत्र्याने फक्त पाणी अडवायचे असते. आणि पत्रा गळतो तो बहुधा जोडांवर. साठ मीटर खोलीवर एका मिलिमीटरच्या भोकातून, मागे मोकळा निचरा असेल तर, दिवसाला सुमारे 1400 लिटर पाणी जाते. हा हिशेब कोणीही वहीत करून पाहावा. म्हणून जोडाला दोन समांतर वेल्ड देऊन मधल्या पोकळीत हवा भरतात आणि दाब उतरतो का ते पाहतात. हजारो मीटर जोडांची अशी तपासणी हेच या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

आता जपान. संदेशातला उल्लेख गिफू प्रांतातल्या सुपर-कामिओकांदेचा असावा. जमिनीखाली 1000 मीटरवरच्या या टाकीचा व्यास 39.3 मीटर आणि उंची 41.4 मीटर असून न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या अभ्यासासाठी तिच्यात 50,000 टन पाणी भरलेले असते. पण ते ‘असेच’ ठेवलेले नाही. आतून स्टेनलेस स्टीलचे अस्तर आहे. 1996 पासून चालणाऱ्या त्या टाकीलाही गळती होती. पाण्यात गॅडोलिनियम या धातूचा क्षार मिसळायचे ठरल्यावर ती सहन करणे शक्य नव्हते, म्हणून 2018 मध्ये टाकी उघडून वेल्डचे जोड नव्याने बंद करण्यात आले आणि गळती आधीच्या दोनशेव्या भागाच्याही खाली, दिवसाला 17 लिटरच्या आत आली. इतर ठिकाणीही अस्तर टळलेले नाही. कॅनडातल्या सडबरीच्या न्यूट्रिनो वेधशाळेत दोन किलोमीटर खोल, 22 मीटर रुंद आणि 34 मीटर उंच गुहेवर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर फवारला, कारण पाणी अडवण्याबरोबरच खडकातला किरणोत्सर्गी रेडॉन वायूही बाहेर ठेवायचा होता. अमेरिकेत ओहायोतल्या अशाच एका प्रयोगाची पाण्याची टाकी तर मिठाच्या खाणीत होती. तिथे अस्तर गळणे म्हणजे भिंतच विरघळणे. जपानचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

आणि आता ते विधान, की आतल्या पाण्याच्या दाबाने प्लॅस्टिक भिंतीला चिकटून राहील. यात फक्त आतले पाणी मोजले आहे. समजा, गुहेचे छत भूजलपातळीच्या शंभर मीटर खाली आहे. गुहा काठोकाठ भरली, तरी अस्तराच्या कोणत्याही बिंदूवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा शंभर मीटर पाण्याइतका, म्हणजे दर चौरस मीटरला शंभर टन, जास्त राहील. पाण्याने भरलेल्या गुहेतही अस्तर आतल्या बाजूला फुगेल. पत्रा उखडायला शंभर टनांचीही गरज नसते. मागे एक मीटर पाणी तुंबले तरी चौरस मीटरमागे एक टन भार येतो. फोंड्याजवळच्या एका घराची जमिनीत बांधलेली टाकी सफाईसाठी ऐन जुलैत रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा तळ मधोमध वर उचललेला व तडकलेला मी स्वतः पाहिला आहे. ती टाकी जेमतेम तीन मीटर खोल होती.

याला उपाय एकच: अस्तरामागे पाणी तुंबू द्यायचे नाही. त्यासाठी पत्रा आणि खडक यांच्यामध्ये निचऱ्याचा थर, त्याला जोडलेल्या नळ्या आणि तळाशी हौद हवा. शिवाय भिंतीचे वेगवेगळे भाग करून प्रत्येकाची नळी स्वतंत्र ठेवावी लागते, म्हणजे कोणत्या भागातून किती पाणी येते ते मोजता येते आणि गळती शोधण्यासाठी सगळी गुहा रिकामी करावी लागत नाही. पण निचरा फार मोकळा ठेवला तर गुहा आजूबाजूच्या डोंगराचे पाणी ओढून घेते. सत्तरी-सांग्याच्या उतारांवरची कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, डोंगरातल्या झऱ्यांवर जगतात. एका टाकीसाठी ते झरे आटवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून खोदकामाच्या आधी आणि खोदकामाबरोबर ग्राउटिंग करून, म्हणजे दाबाखाली सिमेंटसारखे मिश्रण (ग्राउट) भरून, खडकाच्या भेगा बंद कराव्या लागतात, जेणेकरून निचऱ्याकडे थोडेच पाणी येईल. ग्राउट पाणी कमी करतो, निचरा दाब उतरवतो आणि पत्रा साठा राखतो. यांतले एक वगळले की उरलेली दोन निरुपयोगी ठरतात.

गोव्यात यावर ऋतुचक्राची भर पडते. असा साठा मेअखेर तळाला गेलेला असणार, कारण तो बांधलाच त्यासाठी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की भूजल वर चढू लागते, आणि साठा पुन्हा भरेपर्यंत अस्तराची एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली राहते. अस्तरावरचा सर्वांत वाईट भार तोच, आणि तो दरवर्षी येणार. निचऱ्याचे पाणी पंपाने उपसायचे असेल, तर त्याच दिवसांत वादळी पावसात वीज जाते हेही धरावे लागते. म्हणून डोंगराच्या उतारावर अशी जागा शोधायची, जिथून गुहेच्या तळाखालचा निचऱ्याचा बोगदा दरीत आपोआप रिकामा होईल. तशी जागा सापडल्यावरच पत्र्याची जाडी ठरवायला बसावे.