इंदूरला राहायला यायचंय? मग घर एकट्याच्या हिशेबाने बघा

हल्ली पुण्या-ठाण्याकडच्या ओळखीतलं कुणी निवृत्तीला आलं की मला फोन येतो. प्रस्तावना ठरलेली. मुलगा बंगळुरूला, मुलगी त्याहून लांब, तीन खोल्यांतल्या दोन बंद, आणि संध्याकाळी गाडी काढावी तर घोडबंदरलाच दिवस मावळतो. मग हळूच विचारतात, "तुमचं इंदूर म्हणे खूप स्वच्छ आहे. आम्ही विचार करतोय."

माझं माहेर इंदूरचं, सासर ठाण्याचं. मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर ठाण्याचा फ्लॅट विकून आम्ही इकडे आलो. म्हणजे मी परत आले आणि हे नव्याने आले. तेव्हा मला दोन्ही बाजू कळतात, असा माझा तरी समज आहे. फोनवर सांगून होत नाही म्हणून इथे लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

स्वच्छतेचं आधी उरकते. हो, आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येत राहिलं, ते उगाच नाही. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी दारात येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असं सगळं वेगळं द्यायचं. एकत्र केलंत तर गाडीवरचा मुलगा तुमच्या पांढऱ्या केसांचा पूर्ण मान राखून, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात समजावतो. छान आहे हे सगळं. पण कचरागाडीसाठी कुणी बिऱ्हाड हलवू नये.

मला जे खरं सांगायचंय, ते सांगितलं की फोनवर पलीकडे एकदम शांतता होते. तुम्ही दोघं येणार, पण कायम दोघंच राहणार नाही. कधीतरी एकच उरणार. शहर, वस्ती, घर, मजला, बँक, सगळं त्या उरलेल्या एकासाठी निवडा. दोघं असताना कुठेही निभतं. एक गाडी चालवतो, दुसरा रस्ता सांगतो. एकाला हिंदी येतं, दुसऱ्याला मोबाइल. जोडी फुटली की यातली निम्मी कौशल्यं एका दिवसात जातात. त्या दिवसानंतर या शहरात राहता येईल का, एवढंच बघायचं.

आता या हिशेबाने इंदूर बघू.

बाहेरून येणारी नव्वद टक्के माणसं आधी शहराच्या कडेच्या, बायपासकडच्या नाहीतर सुपर कॉरिडॉरकडच्या टाउनशिप बघतात. (नव्वद हा आकडा माझा, कुठे सर्व्हे शोधू नका.) क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक, गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन. मुलांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला एक नंबर. माझ्या नात्यातल्या एक बाई अशाच ठिकाणी राहायच्या. यजमान होते तोवर रोज गाडीने शहरात यायच्या. ते गेले आणि गाडी बेसमेंटमध्ये धूळ खात उभी राहिली. गेट मुख्य रस्त्यापासून आत, त्यामुळे रिक्षावाले बुकिंग घेऊन रद्द करायचे. धनियाची जुडीसुद्धा ॲपवरून. दिवसभरात बोलायला कामवाली, तीही घाईत. वर्ष भरायच्या आत लेकाने त्यांना आपल्याकडे नेलं. इंदूर त्यांना अजूनही आवडतं, पण त्यांना तिथे इंदूर मिळालंच नव्हतं.

म्हणून मी लोकांना लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग अशा वस्त्या बघायला लावते. घरं जुनी आहेत, पार्किंगवरून भांडणं आहेत, गायीही कधीमधी दिसतात. पण दूध, औषधं, भाजी, चक्की, बँक, देऊळ आणि तुमचं बीपी तोंडपाठ असलेला डॉक्टर हे सगळं चपलेत पाय घालून गाठता येतं. मोतीबिंदू झाला, परवाना संपला, स्कूटर विकली, तरी दिवस अडत नाही.

पाण्याचंही असंच. इंदूरचं पाणी नर्मदेचं. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून पंपाने आणतात. मोठी कौतुकाची गोष्ट आहे, पण बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. त्यामुळे घरोघरी हौद, मोटर, वरची टाकी. ती मोटर कधी लावायची, कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, हे घरात एकालाच माहीत असतं, आणि ते बहुधा "अहो" असतात. नव्या टाउनशिपमध्ये नर्मदेची लाइन आली आहे की बोअर आणि टँकर, हे ब्रोकरला नको, तिथे राहणाऱ्या बाईला विचारा.

फिरण्याची सोय मात्र माझ्या मते मागे गेली आहे. २०१३ पासून बीआरटीएसची, म्हणजे जलद बससेवेची, बस फक्त तिच्यासाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेतून सरळ धावायची. गाडीवाल्यांना ती खुपायची, पण आमच्यासारख्यांना फार सोयीची होती. आता ती मार्गिकाच काढायला घेतली. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पण पहिला टप्पा सहा किलोमीटरचा आणि तोही सुपर कॉरिडॉरवर. आमच्या कामाची व्हायला अजून काळ जाईल. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या हा इथला राष्ट्रीय खेळ आहे. रस्ता ओलांडताना हात धरायला माणूस लागतो, म्हणून रस्ता ओलांडावाच लागणार नाही असं घर घ्या.

इंदूरच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र कुणी मोजत नाही. पाट्या. बसची पाटी, औषधाच्या दुकानाचं नाव, वीजबिल, सगळं देवनागरीत. माझी नणंद बडोद्याला आहे. सुंदर शहर, सयाजीराव महाराजांनी घडवलेलं, मराठी माणसांची जुनी वस्ती. पण साठीनंतर तिथे नव्याने जाणाऱ्याला बसवरचं गुजराती वाचायला पुन्हा पहिलीत बसावं लागतं. शिवाय विश्वामित्रीचा पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी शहरात शिरली आणि मगरीही रस्त्यांवर दिसल्या. नणंद हे सगळं हसत सांगते. मला नाही हसू आलं.

आता "मराठी वातावरण". होळकरांच्या या गावात ते आहेच. सानंद या इथल्या मराठी नाट्यसंस्थेच्या सभासदांसाठी मुंबई-पुण्याची नाटकं येतात, आणि सभासद इतके की एकाच नाटकाचे गटवार लागोपाठ प्रयोग करावे लागतात. महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव असतो. गणपतीत तर विचारूच नका. पण नव्याने येणाऱ्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. शेजारच्या खुर्चीत बसून नाटक बघितलं म्हणजे ओळख होत नाही. इथली मराठी घरं तीन-चार पिढ्यांची. सगळे एकमेकांच्या मुंजी-लग्नांना गेलेले. "तुम्ही कुणाकडचे?" हा पहिला प्रश्न, आणि तुम्ही कुणाकडचेच नसता. ह्यांचं तसंच झालं. वर्षभर ते "अमकीचा नवरा" होते. मग गल्लीतल्या मंडळाच्या हिशेबाचं काम अंगावर घेतलं. बँकेत जन्म गेलेला, पावत्या दिसल्या की हात शिवशिवतात. आता भाजीवालासुद्धा मला "साहेबांच्या घरून" म्हणतो. माहेर माझं आणि मान त्यांचा, असो.

आणि मराठीतच राहू नका. रात्री अडीच वाजता छातीत दुखलं तर नाटकाच्या ग्रूपमधलं कुणी येत नाही. भिंतीपलीकडचे मालवी काका बनियनवर गाडी काढतात. दवाखाने इंदूरला भरपूर आहेत, लहान गावांतून इथेच पेशंट आणतात. पण फॉर्मवर सही करायला आणि बाहेर बाकावर बसायला कोण, हे आधी जमवावं लागतं. दिवाळीचा फराळ शेजारी पोहोचवणं मी या कारणासाठीही करते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

एकटे पुरुष जास्त हाल काढतात, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या गल्लीत एक काका आहेत, पत्नी जाऊन काही वर्षं झाली. त्यांचं कसं चाललंय ते मी मुद्दाम बघत असते. सकाळी नाक्यावर पोहे, वर शेव आणि जिरावण, म्हणजे इथला चटपटीत मसाला. तिथेच उभ्याउभ्या राजकारण. दुपारी डबा. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर ठरलेली पाच डोकी. एखाद्या दिवशी पोह्याला आले नाहीत तर पोहेवाला पोराला घरी बघायला पाठवतो. पंचतारांकित सीनियर लिव्हिंगमध्ये यासाठी वेगळे पैसे घेतात. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीचं कौतुक तुम्ही ऐकलं असेलच. आमच्या वयाची माणसं तिथे पाहुणे आले तरच जातात. आम्हाला सकाळचा पोहेवाला महत्त्वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. एमएच पासिंगची गाडी इथे वर्षाहून जास्त ठेवणार असाल तर एनओसी आणून नवी नोंदणी करावी लागते. खाती दोघांच्या नावावर आणि "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे उरलेला एकटाही ती चालवू शकतो. सत्तरी झाली असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. इथल्या पत्त्याने आधार बदलून मगच त्याच्या मागे लागा. आणि मुंबईला जायला अवंतिका एक्सप्रेस आहे. संध्याकाळी बसा, पहाटे बोरिवलीला उतरा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती अजून आलेली नाही, हे तिकीट काढताना दरवेळी आठवतं.

घर लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांच्या भाड्याने राहा, त्यात मे महिना येऊ द्या. दुपारी चाळीसच्या वर पारा जातो, रात्री मात्र माळव्याचा वारा सुटतो. पाऊस ठाण्याच्या निम्म्याहून कमी. थंडीत गराडू (तळून मसाला लावलेला कंद) खायला मिळतो म्हणून सगळे डिसेंबरात येतात आणि प्रेमात पडून टोकन देऊन जातात.

आमच्याकडे हा एकट्याचा विषय मी पहिल्यांदा काढला तेव्हा ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. आता मधूनमधून आम्ही कामं अदलाबदल करतो. मी मोटर लावते, एफडी रिन्यू करते. ते गॅस बुक करतात आणि कुकर लावतात. परवा वरण पातळ झालं होतं, पण झालं होतं.

तर घर बघायला याल तेव्हा दोघं मिळून फिरू नका. एकाने एकट्याने रिक्षा करून बँकेत जाऊन यायचं, दुसऱ्याने एकट्याने भाजी आणि औषधं आणायची. मग जेवायला आमच्याकडे या. फक्त आदल्या दिवशी कळवा, पाणी आलेल्या दिवशीचं जमवू.